उघड्या पोटाची वाकळ

लोहाऱ्यात मी राहते त्या खोलीसमोरच्या गच्चीवर या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कुणीतरी जुनी लुगडी धुऊन वाळत घातली. एकदोन नाहीत, चांगली सात-आठ. फिकी, विरलेली, हातात धरली तर पलीकडचं ऊन दिसेल अशी. एवढी जुनी लुगडी एकाच दिवशी धुवायचं आमच्याकडं एकच कारण असतं. मी कप हातात घेऊन दारात उभी राहिले ती राहिलेच. चहा गार झाला. वाकळीचे दिवस आले होते.

शहरात गोधडी म्हणतात. कळंबच्या कॉलेजात गेल्यावर दोन वर्षं मीही गोधडीच म्हणत होते, कारण वाकळ म्हटलं की वर्गातल्या पोरी तोंडावर रुमाल धरायच्या. आता मी तलाठी आहे. माझ्या सहीसाठी लोक कागद धरून दारात थांबतात. आता मला कुणी हसत नाही आणि मी खुशाल वाकळ म्हणते. शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

माझं गाव कळंब तालुक्यात, मांजरा नदीच्या अलीकडं. ज्वारी निघाली, कडब्याची गंज रचून झाली, हरभरा घरात आला, आणि पेरणी अजून लांब आहे, असे वर्षातले चाळीस-पन्नास दिवस असतात. शेताला तेवढेच दिवस बाई नको असते. म्हणून घरातली कामं तिला त्याच दिवसांत गाठतात. सकाळी ऊन चढायच्या आत कुरडया, पापड, शेवया. आणि दुपारी, झळा लागायला लागल्या, कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन पडली, की वाकळ.

मला त्या दुपारचा वास अजून येतो. धुतलेल्या जुन्या सुताचा वास. नव्या कापडाला खळीचा वास असतो, तो दुकानाचा असतो. जुन्या लुगड्याला धुऊनही त्या घराचा वास राहतो. चुलीचा, शेणाचा, लसणाचा, खोबरेल तेलाचा. आई आधी ओसरी झाडून घ्यायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची, आणि खाली पहिलं लुगडं अंथरायची. चारी कोपऱ्यांवर वजन. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर पायलीचं माप, एकावर मी, एकावर माझं दप्तर. त्यावर थरावर थर. धोतर, लुगडं, फाटका सदरा उलगडून, परत लुगडं. तळहातानं मधून कडेकडं सपाट करत जायचं. हे करताना आई बोलायची नाही. बाकी वेळी आईचं तोंड थांबत नसे, पण अंथरताना गप्प. घडी राहिली तर ती जन्मभर पाठीला टोचते, म्हणायची.

मग टाके. काठापासून सुरू करायचं आणि आत आत यायचं. चौकोनात चौकोन, बोटभर अंतरानं. चार बाजूंना चार बाया बसल्या तर काम पळतं, दोघी असल्या तर चालतं. आईच्या समोर कायम सुमनकाकू असायच्या. आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. आईपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून आईला अक्का म्हणायच्या. आईचा टाका बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढा. काकूंचा लांब आणि जरा तिरका, घाईत चालणाऱ्या बाईसारखा. वाकळ कुठूनही उचला, मला आजही सांगता येतं की इथं आई बसली होती आणि इथं काकू. माझ्या सातबाऱ्यावरसुद्धा कोणत्या शेतात कोण राबलं ते इतकं स्वच्छ कळत नाही.

आता एक रीत सांगते, ती माहीत नसली तर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात वाकळ शिवणारीनं स्वतःच्या हातानं ती पुरी करायची नसते. सगळे टाके घालत मध्यावर यायचं आणि वीतभर जागा तशीच सोडायची. तिला वाकळीचं पोट म्हणतात. वरच्या कापडाचा तेवढा चौकोन तीन बाजूंनी कापून सैल ठेवतात, उचलला तर आतले थर दिसतात. ते पोट दुसऱ्या घरच्या बाईनं मिटवायचं. आपल्याच हातानं पोट मिटवलेल्या वाकळीत कुणी निजत नाही. का, ते मी लहानपणी शेवंताआत्याला विचारलं होतं. शेवंताआत्या म्हणजे नात्यानं कुणाचीच नव्हे, सगळ्या गावाची आत्या. ती म्हणाली, "आपल्याच हातानं मिटवली की ती आपल्यापुरतीच ऊब देती, बाई. घरी पाव्हणा आला तर त्याला गार लागतंय."

हे पोट मिटवायचं काम घरात होत नसे. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाली की सगळ्या बाया आपापली वाकळ डोक्यावर घेऊन महादेवाच्या देवळात यायच्या. सभामंडपात शहाबादी फरशी, वैशाखातही पायाला गार. तिथं एकेक वाकळ उलगडायची आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती बसायचं. कौतुक असायचं, पण ते वाटेत कुठंतरी लपलेलं. आधी टोमणे.

"उलटी करा, उलटी करा! सुलटी बाजू काय बघायची? सुलटीकडनं तर नवरी बी देखनीच दिसती."

उलट्या बाजूला टाके खरं बोलतात. मग शेवंताआत्या डोळे मिटून पूर्ण वाकळीवरून तळहात फिरवायची. आत कुठं चुणी राहिली असेल तर तिचा हात तिथं थांबायचा.

"हितं उंदीर निजलाय गं. कुनाची ही?"

"भामाची."

"भामे, चांगला पोसलाय की. शेपूट बी लागतंय हाताला."

"आत्या, तुमच्या हाताला भोवरी झालीया, तीच लागत असंल."

"माज्या भोवरीला शेपूट न्हाय, बाई."

आणि मग हसणं. देवळातल्या हसण्याला वरती घुमट असतो, म्हणून ते दुप्पट होऊन खाली येतं. ते तसं हसणं मी नंतर कुठं ऐकलं नाही. कॉलेजात नाही, ट्रेनिंगला नाही, तहसीलच्या मीटिंगांत तर नाहीच. टोमणे संपले की प्रत्येकीनं दुसरीची वाकळ ओढून घ्यायची आणि पोट मिटवायला बसायचं. सगळ्यांच्या माना खाली, नुसता दोरा ओढल्याचा आवाज. आईची वाकळ कायम सुमनकाकूंच्या मांडीवर आणि काकूंची आईच्या.

आता त्या वर्षाचं. त्याला सोळा उन्हाळे झाले.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि दहावीपर्यंतही एकच चुलता गेला होता, तोही परत आला होता. त्यामुळं परीक्षा माझी आणि तालीम सगळ्या घराची. मी वाचत असले की आजूबाजूचे आवाज कमी व्हायचे. मला पाणी भरायला कुणी सांगत नसे. मला त्याची सवय झाली होती, खरं तर चटक लागली होती. माझ्या हातात पुस्तक असलं की माझ्याकडून कुणी कशाचा जाब घेत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं होतं.

पाडवा होऊन चार दिवस झाले असतील. आई वाकळ अंथरत होती. मध्यावर हात फिरवून म्हणाली, "हितं खोलगट लागतंय. एक थर कमी पडला. सुमनकडं जुनेर हाय म्हनली हुती, तेवढं आन बरं."

मी गेले. एका हातात राज्यशास्त्राचं गाईड, बोट पानात घातलेलं. काकू माळवदावर होत्या. वरूनच म्हणाल्या, "पेटीवर बोचकं हाय बघ, घिऊन जा." त्या दिवशी त्यांनी पेटीतले कपडे उन्हाला काढले होते. पेटीवर बोचकी दोन होती. एक मोठं, एक लहान. मी दोन्ही काखेत मारली.

मी घरी आले तर आई शेळीला पाणी दाखवायला गेली होती. मी मोठं बोचकं सोडलं, त्यातलं लुगडं पसरलं. मध्ये तरी थोडं खोलगट वाटत होतं. लहान बोचकं सोडलं. आत हिरव्या खणाचा, लाल काठाचा एक परकर होता. लहान पोरीचा. घडी घातलेला, आणि त्याला डांबरगोळीचा वास येत होता.

जुनेराला डांबरगोळी कुणी ठेवत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. माझा हात एकदा थांबला. खरंच थांबला, मला नीट आठवतंय. मग मी त्याच्या बाजूची शिवण उसवली, तो उलगडला, दुहेरी करून मध्यावर टाकला, वरती एक विरलेलं, मध्ये चीर गेलेलं धोतर पसरलं आणि पुन्हा गाईड उघडलं. आई आली, तिनं हात फिरवून बघितला, म्हणाली, "आता कसं सपाट झालं," आणि वरचं लुगडं टाकलं.

सुमनकाकूंना एक मुलगी होती, नंदा. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. सहा वर्षांची असताना दोन दिवसांच्या तापात गेली. आम्ही दोघी एकत्र खेळायचो, पण तिचा चेहरा माझ्यासमोर येत नाही. तो परकर मी ओळखला होता का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता माझ्याच उत्तरावर माझा भरवसा नाही. ओळखला नसेल. पण ओळखायचा नाही असं ठरवलंही असेल. पुढचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं.

नंतरचा महिनाभर रोज दुपारी आई आणि काकू समोरासमोर बसून ती वाकळ शिवत होत्या. काकूंचं लक्ष नसायचं. एक दिवस त्या उठून गेल्यावर आई म्हणाली, "सुमन कायतरी हुडकाय लागलीया. सगळं घर उलथं केलंय. इचारलं तर सांगत न्हाय." मी पुस्तकातून मान वर काढली नाही. ज्याला त्या घरभर शोधत होत्या, त्याच्यातून रोज दुपारी त्यांचीच सुई जात होती.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी देवळात आईची वाकळ उलगडली तेव्हा शेवंताआत्यानं दोनदा हात फिरवला. कुठं उंदीर नाही. "हिच्या वाकळंत उंदीर सापडंना," आत्या म्हणाली, "म्हातारीला रिकाम्या हातानं लावून दिलं." सगळ्या हसल्या. आईनं पदर सारखा केला. ती खूश झाली की पदर सारखा करायची. मग काकूंनी वाकळ मांडीवर ओढली, दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला, आणि पोट मिटवायच्या आधी आतले थर नीट बसलेत का बघायला वरचा चौकोन उचलला. दुपारचं ऊन मंडपात आलं होतं. विरलेल्या धोतराखालून हिरवं दिसत होतं.

काकूंनी दोन बोटांनी धोतराची चीर फाकवली. लाल काठ दिसला. त्यावरून, सोडलेल्या चौकोनाच्या कडेनं, टाक्यांची एक ओळ गेली होती, लांब आणि जराशी तिरकी.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तर माजंच टाकं हायती."

मग आईकडं बघून, "अक्का, तुमी बघितलं न्हाई व्हय?"

आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात तिला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी देवळातसुद्धा वही घेऊन खांबाला टेकून बसले होते.

"म्या घातलं," आई म्हणाली. "ध्यान न्हवतं गं माजं."

मी काही बोलले नाही.

एवढंच आहे ते. सोळा वर्षांत मी ते पुष्कळ प्रकारे मांडून पाहिलं. लहान होते म्हणून, घाबरले म्हणून, आईनंच बोलू दिलं नाही म्हणून. एकवीस वर्षांची होते, लहान कसली. मी काही बोलले नाही.

आई त्याच संध्याकाळी ब्लेड घेऊन काकूंच्या दारात गेली. म्हणाली, सगळी उसवते, काढून देते. काकू म्हणाल्या, "किती भोकं पडली असत्याल त्याला. माज्याच हातानं पाडली. आता काढून काय बघू?" आई परत आली. वाकळ तशीच घडी करून फडताळावर ठेवली. मला रागावली नाही. विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "उद्या पेपर हाय न्हवं? वाच."

मी पास झाले. घरातली पहिली पदवी. पेढे वाटायला मीच गेले. सुमनकाकूंनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि आत निघून गेल्या.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं, आमच्या बाया भांडणं मिटवण्यात पटाईत. बोलणंही तुटलं नाही. विरजण आहे का, टँकर आला का, एवढं भिंतीवरून चालू राहिलं. पण दुपार संपली. आई एकटी शिवायला बसायची आणि समोरची बाजू रिकामी. दुसऱ्या बाया बोलावल्या तर यायच्या, बसायच्या. आई म्हणायची, "हिचा टाका माज्या टाक्यासंगट चालत न्हाय." काकूंनी आखितीला देवळात यायचं सोडलं. आईनं त्यानंतर किती वाकळा शिवल्या, कुणाकुणाकडून पोटं मिटवून घेतली. ती एक मात्र दर वर्षी फडताळावरून काढायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा वर ठेवायची. उघड्या पोटाची वाकळ पांघरता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही.

मी नोकरीला लागले. बदल्या झाल्या. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर बाया वाकळ शिवताना दिसायच्या. पंचनाम्याला गेलेली मी, हातात टॅब, बरोबर कोतवाल, आणि पाय तिथं अडखळायचे. "बसा मॅडम," म्हणायच्या. बसावंसं वाटायचं. कोपऱ्यावर वजन म्हणून नुसतं बसायला मिळालं असतं तरी चाललं असतं. मला काय आठवत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात गाव आठवतं, आई आठवते. मला दोन बायांची पाठ आठवते, एका कापडावर वाकलेली, आणि त्यांचं न संपणारं बोलणं, ज्यातला एक शब्दही मी तेव्हा ऐकला नव्हता. ऐकायचं सोडून मी काय वाचत होते, तेही आता आठवत नाही.

गेल्या वर्षी आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुईत दोरा आता दुसऱ्याला ओवून द्यावा लागतो. आणि या वर्षी, समोरच्या गच्चीवर ती लुगडी दिसली त्याच दिवशी संध्याकाळी, तिचा फोन आला.

"संगे, औंदा ती वाकळ देवळात न्यायची."

"कुठली?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठली.

"वरची. मला तिच्यात निजायचंय. लई वर्सं झाली वाट बघून."

"पोट कोण मिटवणार?"

तिनं पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाली, "तेच तर इचारतीया तुला. शिकलेली हाईस. सांग की, कुनाचा हात आनू?"

आईनं सोळा वर्षांत मला मारलेला हा एकच टोमणा. मी आखितीची आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. लोहारा ते तुळजापूर, तिथून धाराशिव, तिथून कळंब. सगळ्या प्रवासात मी एक वाक्य जुळवत होते. लोकांचे अर्ज लिहून देणारी मी, मला एक ओळ जुळेना.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या माळवदावर चढले. त्या एकट्याच कुरडया घालत होत्या. केस सगळे पांढरे. सोऱ्या दोन्ही हातांनी दाबावा लागत होता.

"कोन? संगी? चप्पल खाली काडलीस न्हवं?"

"काढली, काकू."

"मंग बस. धर ह्यो सोऱ्या."

मी सोऱ्या धरला. दोन कुरडया घातल्या, वेड्यावाकड्या. मग म्हणाले, "काकू, तो परकर आईनं नाही घातला. मी घातला. दोन्ही बोचकी मीच नेली होती. आईला माहीतसुद्धा नव्हतं. देवळात कळलं तिला."

काकूंचा हात ओल्या कापडावर तसाच राहिला.

"तुला कळलं न्हवतं, जुनेर न्हाय म्हनून?"

हा प्रश्न मी जुळवलेल्या वाक्यात बसत नव्हता. "डांबरगोळीचा वास येत होता," मी म्हणाले. "मला कळायला पाहिजे होतं. बहुतेक कळलंच होतं."

"आनि देवळात? तवा तुझं तोंड कुटं गेलतं?"

मी सोऱ्याला लागलेला चीक बोटानं निपटत राहिले.

"येवढी पुस्तकं वाचलीस," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सगळ्या गल्लीला सांगत हुते म्या, आमची संगी बी.ए. हुनार. तुला वाचाय मिळावं म्हनून बैलाची घंटी सोडाय लावली हुती म्या आमच्या मालकाला. आनि तू मला सोळा वर्सं अक्काच्या तोंडाकडं बघू दिलं न्हाईस."

बैलाच्या घंटीचं मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आज आई ती वाकळ देवळात नेणार आहे."

"सोऱ्या ठेव," त्या म्हणाल्या. "कुरडया बिघडिवल्यास."

मी उतरले.

देवळात आता खूप बदललंय. शेवंताआत्या जाऊन आठ वर्षं झाली. मंडपात बचत गटाचा फलक लावतात. पोरी मोबाइलवर व्हिडिओ करतात. निम्म्या वाकळा मशीनवर टिपलेल्या असतात, आतला भर पॉलिस्टरचा, दिसायला देखण्या आणि अंगावर घसरणाऱ्या. एका सुनेच्या वाकळा पुण्याला प्रदर्शनात जातात, तिनं मधोमध मोर काढला होता. मी नाक मुरडणार होते, पण तिनं वाकळ स्वतःच उलटी करून सगळ्यांसमोर टाकली आणि म्हणाली, "बघा, उंदीर सापडला तर सांगा." मग मला मुरडता आलं नाही.

आईनं तिची वाकळ उलगडली. नव्या पोरींनी वाकून पाहिलं, हातानं शिवलेली आहे म्हणून फोटो काढले. एकीनं विचारलं, "आज्जी, मधी शिवायचं ऱ्हायलंय का? मी शिवून देऊ?" आई म्हणाली, "थांब गं जरा." मग आणखी एकीनं विचारलं. आई पुन्हा, "थांब." सावली खांबावरून खाली उतरली. बाकीच्यांची पोटं मिटून झाली, काही जणी घड्या घालायला लागल्या. आई वाकळीच्या कडेला हात ठेवून बसली होती आणि दाराकडं बघत नव्हती. न बघण्याची तिची ती मेहनत मला बघवेना. मी सकाळी काय सांगून आले ते मी तिला सांगितलं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली होती.

काकू आल्या तेव्हा आधी पायरीवरची काठी ऐकू आली. कुणाशी न बोलता त्या सरळ आल्या आणि आईच्या समोरच्या बाजूला, जिथं त्या कायम बसायच्या तिथं, गुडघ्यावर हात टेकत बसल्या. आईनं मान वर केली नाही. काकूंनी हात लांब करून माझ्याकडं न बघता म्हटलं, "सुई."

मी दोरा ओवून सुई दिली. काकूंनी वरचा चौकोन उचलला. धोतराखाली बोटं घातली आणि चाचपत चाचपत आत नेली, मनगटापर्यंत. तिथंच ठेवली. डोळे मिटलेले. पोरींनी मोबाइल खाली केले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकूंचा अंगठा आत हळूहळू हलत होता, वरच्या कापडावरून दिसत होता.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "लई भोकं पडली का गं?"

"न्हाय वं, अक्का. काठ शाबूत हाय."

काकूंनी हात बाहेर काढला. सुई उचलली, चौकोनाच्या कडेत टोचली आणि तशीच सोडून दिली.

"म्या न्हाय मिटवत."

आईचा चेहरा उतरला. "सुमन, आता तरी..."

"मिटवलं की मला कुटं हात घालता यील? उघडंच ऱ्हाऊ द्या. म्या येत जाईन."

"आनि म्या पांघरू कशी? उघड्या पोटाची?"

"पांघरा की. रीत काय वरून पडली व्हय? आपल्यासारख्याच बायांनी केलीया." मग वाकळीची कड सारखी करत, "पावसाळाभर तुमी घ्या. थंडीत माज्याकडं द्या."

"वा गं वा," आई म्हणाली. "पावसाळ्यात उकडतंय, तवा मला. थंडीत तुला. लई शानी झालीस."

"म्हातारी तुमी हाव का म्या?"

"म्याच म्हातारी, म्हनून तर थंडी मला पायजे!"

आणि त्या दोघी हिवाळ्यावरून भांडायला लागल्या. खरंखुरं, हातवारे करून, देवळात आवाज घुमवत. बाकीच्या हसत होत्या. आईनं पदर सारखा केला.

वाकळ आता आईकडं आहे. दिवाळीनंतर काकूंकडं जाईल, असं शेवटी ठरलं. आई रोज त्यात निजते, पोटाच्या भागावर हात ठेवून. दुपारी भिंतीवरून पुन्हा बोलणं चालतं, टँकरचं नाही, कुणाच्याही कशाचंही. मी फोन केला की आई म्हणते, "ठेव आता, सुमन आलीया."

काकू माझ्याशी बोलत नाहीत. भेटले तर "आलीस का" एवढंच म्हणतात आणि आत जातात. सोळा वर्षं आईनं जे माझ्यासाठी सांभाळलं, ते आता माझ्याकडं आलंय, आणि ते जिथं असायला हवं तिथंच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांनी एकदा "संगे" म्हणून शिवी घालावी, असं फार वाटतं.

लोहाऱ्यात मी माझ्या खोलीत फरशी पुसून वाकळ अंथरलीय. कोपऱ्यांवर वजन म्हणून कपाटातली जाडजूड पुस्तकं ठेवली. टाका कुणासारखाच येत नाही, ना बारीक ना लांब. ऑफिसातून आल्यावर एक-दोन ओळी होतात. आत्ता कुठं काठ झालाय. मध्यावर यायला दोन उन्हाळे लागतील. पोट कुणाकडून मिटवून घ्यायचं ते मी ठरवलंय. त्या सुई हातात घेतील का, ते मला माहीत नाही.